सातवी फळी

सावद्याला मी पाट्या रंगवतो.
केळीच्या ट्रकांची कपाळं, डेअऱ्यांचे बोर्ड,
निवडणुकीत तर रात्रीही पुरत नाहीत.
पण फौजेचं निशाण
उभ्या जन्मात पहिल्यांदाच आलं हाताखाली.

सुभेदार उखर्डू भारंबे.
तीन भावंडं गेल्यावर जन्मले,
म्हणून आईने उकिरड्यावर लोळवून उचललं,
की असलं पोर नेऊन यम तरी काय करील.
त्यांनी टोपीवरचा बिल्ला ठेवला माझ्यापुढे,
चिंचेने घासलेला, रुपयाएवढा.
म्हणाले, दाराशेजारच्या भिंतीवर काढ,
परातीएवढा.

गडद निळी जमीन, विटकरी काठ.
वर टिकाव अन् फावडं एकमेकांत अडकलेले.
खाली पूल.
खडूने मी फळ्या आखल्या,
सात.
मागे काठी वाजली.
"सात नही रे भो, सहाच.
तिसरी अन् पाचवीच्या मधात काही नको."

म्हटलं, सुभेदारसाहेब, बिल्ला झिजलाय,
तिथे फळी असणारच.
भिंग लावून पाहिलं.
नव्हती. साच्यातच नव्हती.

मग सांगितलं, तेही सलग नाही,
मध्ये चहा आला, मध्ये मोटार बंद करायला उठले.
कुठलासा कालवा. थंडी.
आधी सुरुंग,
भरिताचं वांगं भाजलं का पाहतात
तशी संगिनीने जमीन टोचत, हळू,
मागे पांढरी फीत सोडत.
उजाडायच्या आत रणगाडे पलीकडे हवे होते.
पूल झाला. एकोणीस गेले.
स्ट्रेचर संपलेले.
शिंदखेड्याचा भूरसिंग गिरासे,
त्याला चौथी फळी उपसून तिच्यावर घातला.
विसावा रणगाडा थांबला
तेवढ्यापुरता.

पुढे निशाण ठरलं तेव्हा
कागदावर ती जागा कुणीतरी तशीच सोडली.
कुणी, ते यांनाही ठाऊक नाही.

"गिरासे वाचला का?"
ते बिल्ला रुमालात गुंडाळत राहिले,
मग म्हणाले, निळ्याचा अजून एक हात दे.

दिला.
मजुरी त्यांनी सात फळ्यांची दिली.

आता शिकवणीची पोरं जाता-येता
बोटाने मोजतात, चौथीपाशी अडतात.
बाजारात कुणी ना कुणी हटकतंच,
पेंटर, एक फळी खाल्लीस की रे.
मी हो म्हणतो.