शंकुछेद

पुस्तकात एवढंच :
शंकूचं टोक पायाला समांतर कापलं
की उरतो तो.

दौलूमामा उद्यमनगरात लाकडी पॅटर्न घासायचा.
"उतार ठेव गं, दीड अंशाचा तरी.
सरळ भिंतीचं वाळूतनं निघतंय व्हय?
निघालं तरी साचा मोडून."

वडणग्याच्या गुऱ्हाळात
बादली पालथी केली, एक थाप,
आणि ढेप सुटली फडक्यासकट,
कोमट, अख्खी.
व्याख्या मला तिथं कळली.

घनफळ काढताना मात्र
नसलेलं टोक आधी धरायचं,
पुरा शंकू उभा करायचा,
मग वजा.

मामानं माझ्या वहीवर बोट टेकवलं,
रंध्याखाली गेलेलं,
पहिल्या पेराशीच संपणारं :
"हितनं वर किती हुतं,
ते काढ आधी."