पुढचं वजन

टेम्पोतून उतरला तेव्हा
गल्लीतली पोरं म्हणाली, हे तर ट्रॅक्टरचं पिल्लू.
अठरा हॉर्सपॉवर. नारिंगी.
बॉनेट माझ्या छातीशी.
ह्यांनी हळदकुंकवाचं ताट माझ्या हाती दिलं
आणि स्वतः खाली वाकून
ग्रीस भरायच्या जागा मोजत बसले.

चाळीस वर्षं जॉबर होते हे.
पूर्व भागात कुणाचाही माग अडला
की निरोप यायचा, मल्लेशमला बोलवा.
कान त्या खडखडाटातच गेले.
इंजिनाचं दुखणं आता तळहातानं ऐकतात,
बॉनेटवर हात ठेवून,
लेकराचा ताप बघावा तसं.

बोरामणीच्या अलीकडे तेवीस गुंठे,
निम्मा मुरूम, निम्मी वेडी बाभूळ.
दोन खोल्या, लिंबाची आठ झाडं, एक हौद,
आणि सावलीत भांडी घासायची जागा.
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं
सगळं आधीच काढून ठेवलेलं.
भांडी घासायची जागा मी खोडली.
तिथं नुसतं बसायचं, म्हटलं.

आधी मुरूम सरकवला.
मग मोडक्या खाटेच्या लोखंडाची ट्रॉली केली.
तिच्यातून विटा आल्या, पाण्याचे कॅन आले,
एकदा विहीणबाई आल्या, पदर दातात धरून.
हायड्रॉलिकच्या दांड्याची प्लास्टिकची मूठ
ह्यांना पटेना. उन्हात चटका देते, म्हणाले.
माळ्यावरचा धोटा काढला,
हजारो वेळा इकडून तिकडे पळून गुळगुळीत झालेला,
कापला, भोक पाडलं, ठोकून बसवला.
आता नांगर उचलायचा म्हणजे
धोटा मुठीत घ्यायचा.
कधीकधी सवयीनं
माझ्या बोटांना त्यात कांडी शोधावीशी वाटते.

मग बाभळीचा बुंधा.
साखळी ताणली आणि पुढची चाकं
हातभर वर.
क्लचवर पाय पडला म्हणून वाचलो.
रात्री भाकरी मोडताना
कुणी कुणाशी बोललं नाही.
त्या वेळी सीटवर मी होते,
हे सांगायचं राहिलंच.

माग किलोवर गेले त्या वर्षी
दोन चाकं मागं राहिली होती, बिडाची.
एकावर माझा माठ.
दुसरं गच्चीवर, वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून.
तीन दिवस हे त्यांच्याकडे बघत होते.
चौथ्या दिवशी माठ खाली.
बाशाभाई मुजावरांनी अँगल कापला,
पुढं दोन भोकं पाडली,
नाकाशी दोन्ही चाकं अडकवून दिली.
पैसे घेतले नाहीत.
त्यांच्या आईनं ह्याच मागांवर
सूत भरलेलं.

दोन्हींनी स्टिअरिंग दगड झालं.
माझं मनगट दुखायला लागलं, एक काढलं.
ते परत गच्चीवर गेलं.

पहिल्या सर्व्हिसला आलेला पोरगा
भोकांवर बोट ठेवून म्हणाला,
काका, वॉरंटी गेली की हो.
हे माझ्याकडे बघून, काय म्हणतो?
मी ओरडून सांगितलं,
चहात साखर कमी घाला म्हणतो.

बुंधा गुरुवारी निघाला.
हे लांब उभे, बाजूला,
नजर पुढच्या चाकांच्या खालच्या फटीवर.
इंजिनाचा आवाज जड झाला
की मी एक बोट वर करायचं,
चाकं सुटायला लागली की त्यांनी.
दोन बोटांवर तासभर.
मुळं सुटताना जमिनीतून
जाड कापड फाटावं तसा आवाज आला.
तो त्यांना ऐकू आला नसणार.
तरी त्यांनी मान हलवली,
थान पूर्ण झाल्यावर हलवायचे तशी.

घरी माठ आता तीन विटांवर,
जरासा कललेला.
पाणी काढताना
दुसऱ्या हातानं त्याला धरावं लागतं.