घेर, छातीच्या उंचीवर

घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा,
एवढं एकच शिकवलं फणसळकरांनी
आणि दिली टेप, पांढऱ्या रंगाचा डबा, कुंचला.
झाडामागे चार रुपये.
मी गोरेगावच्या अंगाने डोंगर चढलो
आणि मोजत सुटलो.

टेपचं दुसरं टोक हाती यायचं
तर झाड कवेत घ्यावंच लागे.
आसाणा. हेद. काकड. पुन्हा आसाणा.
संध्याकाळी चारकोपला पोचायचो तेव्हा
बटणांच्या काजात सालीचा भुगा,
कॉलरमध्ये लाल मुंग्या.
आई म्हणायची, कुणाच्या गळ्यात पडून आलास?

कारवी मोजायची नाही, तिला बुंधा नाही.
सात वर्षांनी फुलली तरी नाही.
वेली नाहीत, चवई नाही, आळंबी नाही,
कुजलेल्या ओंडक्याखाली
जे मऊ, काळं, कोमट काही असतं, ते तर नाहीच.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, दोन बोटं रुंद.
तो रिकामाच ठेव, फणसळकर म्हणाले.

उंबराशी मंगळी बरफ उभी होती.
याला कितवा?
दोनशे चौदा.
तिनं एक फळ फोडून माझ्या तळहातावर ठेवलं.
भुर्रकन केंबरं उडाली.
आन् यांना रं?
वर हरियल जेवत होते.
खाली पडलेलं भेकरं खातात, म्हणाली,
आणि भेकरांच्या मागून जो येतो
त्याचं नाव न घेता
शेंदराच्या दगडाकडे बघून हात जोडले.

यंत्रं आली त्या रात्री मी तिथे नव्हतो.
माझं बिल पास झालं होतं.

वर्षाने पुन्हा बोलावणं :
उपटून दुसरीकडे लावलेली झाडं तपासा.
मोकळं मैदान. बुंध्यांना गोणपाट,
वरून सलाईनसारखी नळी.
माझाच आकडा, माझ्याच वळणाचा चार.
मी कवेत घेतलं
आणि साल माझ्याबरोबर निघून आली.
छापील पर्याय दोनच होते, जिवंत आणि निरीक्षणाखाली.
एकशे नव्वद वेळा लिहिलं, निरीक्षणाखाली.

येताना पाड्यावर गेलो.
ओहोळ फेब्रुवारीतच नुसता दगडांचा.
समोरच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये
रात्री तो येऊन गेला म्हणे, कॅमेऱ्यात राखाडी,
दोन गाड्यांच्या मधून, काही शोधत असल्यासारखा.
मंगळी टँकरच्या रांगेत होती.
उंबराचं फूल झालास रं, म्हणाली.

मला हसता आलं नाही.
उंबराचं फूल आतच असतं,
तिनंच तर फोडून दाखवलेलं,
शेकडो, मिटून बसलेली,
आणि त्यांची वाट ठाऊक असलेलं
तिळाएवढं एक केंबर,
दिवसा-दोन दिवसांचं आयुष्य घेऊन
या उन्हात झाड शोधत निघालेलं.

दोनशे चौदासमोर, शेऱ्याच्या रकान्यात,
मी लिहिलं, केंबरं.
फणसळकरांनी चष्मा वर केला.
हे काय?
संख्या लिही.