दुसरा कप

साडेसहाला गजर. मी गुडघ्यांवर,
पलीकडच्या पलंगापाशी फाकाताव्हा गुडघ्यांवर.
पाणी आठपर्यंतच येतं, म्हणून प्रार्थना आटोपशीर.
तो टोंगा बेटांवरचा. ग्युम्रीचा बर्फ
त्याला अजून कुणीतरी केलेली चेष्टा वाटते.
मी आयडाहोचा, बटाट्याच्या शेतातला.
मला थंडी कळते. आर्मेनियन अर्धीच.

छातीवर काळी पट्टी : एल्डर थॉर्ली.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
वय एकोणीस, दाढी अजून सलग येत नाही.
पहिलं नाव दोन वर्षांसाठी
आईकडे ठेवायला दिलंय.
सोमवारी फोनवर ती ते एकदा वापरून बघते,
गंजू नये म्हणून.

आम्ही सतत एकमेकांच्या नजरेत,
दुकानात, जिन्यात, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा.
कडी फक्त न्हाणीघराला.
तिथे मी कधी कधी
नळ न सोडता नुसता उभा राहतो.

आज दारं एकतीस. उघडली नऊ.
एकानं विचारलं, गॅसवाले का?
एका मुलीनं इंग्रजीची वही पुढे केली,
आम्ही तिचा गृहपाठ उंबऱ्यावर बसून केला.
एक म्हातारा म्हणाला, पोरा,
सतराशे वर्षं आम्ही येशूचंच नाव घेतोय,
तुझ्या गावाला तेव्हा नाव तरी होतं का?
नव्हतं, मी म्हटलं.
त्यानं मूठभर अक्रोड दिले आणि दार लावलं.

मग शोघिक.
भूकंपानंतर तात्पुरता म्हणून मिळालेला पत्र्याचा डबा,
त्यात तिनं मुलगा वाढवला, तो आता रोस्तोवला विटा रचतो.
डब्याला पडदे आहेत, घंटी आहे,
दारात जर्दाळूचं झाडही आहे.
तात्पुरतं तेवढं आम्हीच.

आम्ही लाकडं फोडून रचतो.
ती धर्माचं ऐकते, म्हणजे
आम्ही बोलत असताना कांदे चिरते.
नंतर लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी, आणि कप दोन.
तिचा, आणि माझा.
फाकाताव्हाला ती पहिल्याच दिवशी घाबरली,
त्याला थेट जेवणच वाढते.

आम्ही कॉफी पीत नाही, आजी.
कोण म्हणतं?
देव.
त्यानं कधी माझ्या हातची प्यायलीय का?
असं म्हणून दोन्ही कप तीच संपवते.
दर गुरुवारी हेच.

एकदा बोटात लाकडाची सळ गेली.
तिनं चष्मा चढवला, सुई चुलीवर धरली,
आणि काढता काढता म्हणाली, त्सावत तानेम.
तुझं दुखणं मी नेते.
इथं सगळेच म्हणतात. भाजीवाली म्हणते, बसमध्ये
पाय पडला की परकी बाई म्हणते.
मी समुद्र ओलांडून आलो ते हेच सांगायला,
की असं एकानं खरोखर केलं,
साऱ्या जगाचं दुखणं नेलं.
ही ते वाक्याच्या शेवटी
स्वल्पविरामासारखं टाकते,
आणि सळ चुलीत फेकते.

काल फोन आला. बदली. वानाद्झोर, परवापासून.
जोडीदार नवा, फाकाताव्हा इथेच.
तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही.
माझा कप प्यायली,
बशीवर पालथा घातला, थांबली,
मग उजेडाकडे धरून आत पाहिलं.

रस्ता आहे, म्हणाली. चढाचा.
एक जनावर, बहुतेक गाय.
आणि ही कोण बाई? थांब.
बराच वेळ पाहत राहिली.
छे, प्यायले मी, दिसणार कोणाचं?
कप धुवायला घेतला.
पाणी बर्फाचं होतं, तरी धूतच राहिली.

परतताना अंधार, घसरण, कुत्री.
रात्री रकाने भरायचे : दारं, भेटी, धडे.
फाकाताव्हानं माझी बाही हुंगली.
तुला कॉफीचा वास येतोय, म्हणाला.
माहीत आहे, मी म्हटलं.
साडेनऊच्या आत पोचायचं असतं.
आम्ही पुलापर्यंत तरी
हळूच चाललो.