मधली

आई भाकरी थापताना जे गुणगुणायची
त्याला गाणं म्हणणं अवघड होतं.
एकाच सुरावर बराच वेळ उभी राहायची,
मग अर्धी पायरी उतरायची, पुन्हा तिथंच,
एखादी बाई दारात येऊन
काय सांगायला आलो होतो ते विसरावी तशी.
शब्दही धड नव्हते. "गेली... गेली गं..."
आणि पुढे नुसता लांब ऊ.
कोण गेली, कुठं गेली, पत्ता नाही.

भागाबाई नेहेते बिबड्या वाळवायला यायच्या, म्हणायच्या,
"हे कोनतं गानं म्हनून र्‍हायली वं सिंधू?
याले ना शेंडा ना बुडखा."
आई हसायची. कळण्याचं पीठ हाताला तसंच.
"माझा इतकाच होता," म्हणायची.
इतकाच काय, ते मी विचारलं नाही.

मी तेव्हा गायनाची दुसरी परीक्षा दिलेली,
बोटं पेटीवर, नाक वर.
एकदा तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं:
आई, हा राग नाही, चाल नाही, काहीच नाही हे.
तिनं तवा उतरवला.
पुन्हा माझ्यासमोर गुणगुणली नाही.
मोरीत, नळ सोडून, गात असावी.

भुसावळचं कळलं ते मामीकडून,
आईच्या तेराव्याच्या दुपारी, पंगती उठल्यावर.
चोपन्न साल, रेल्वेचं इन्स्टिट्यूट.
मार्था आणि रूथ साळवे, गार्डाच्या मुली,
देवळात एका चालीच्या तीन वाटा करायला शिकलेल्या,
आणि लोकोशेडमधल्या फिटर फालकांची सिंधू,
सोळा वर्षांची. वरची नाही, खालची नाही.
नाव ठेवलं तापी भगिनी.
भगिनी त्यातल्या दोघीच.

मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत तालीम,
शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी झाली
की मार्था त्याच शिट्टीवरून सूर धरायची.
मग चाळीसगाव, धुळे, अमळनेरचा गणपती.
पानवाले गुणगुणायचे, टांगेवाले गुणगुणायचे,
सगळे मार्थाची चाल.
मधली ओळ कोण घरी नेतं?
मग मुंबईला जाऊन एक तबकडी,
आणि महिन्याभरात लग्न, सावद्याच्या केळीवाल्या झोप्यांकडे.
पुढं साळवे बहिणी दोघीच गायल्या काही दिवस.
जमलं नाही म्हणे.

बळीराम पेठेत, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात,
गफूरभाई पिंजारींकडे ती निघाली,
काठाला चिरलेली, पाकीट दुसऱ्याच कुठल्या कीर्तनाचं.
खरखर. पेटी.
मार्था गच्चीवरच्या ओल्या लुगड्यासारखी वर उडाली,
रूथ घागर टेकवावी तशी खाली बसली.
गफूरभाईंनी मान डोलावली,
"छान गातात दोघी."

एकच मायक्रोफोन असणार. ती मागे उभी असेल,
उंच होती म्हणून, किंवा लाजून.
पण त्या दोघींच्या मध्ये,
दाराच्या फटीएवढ्या जागेत,
तोच उभा सूर. अर्धी पायरी. पुन्हा तिथंच.
वर मार्था सांगत होती, गाडी सुटली,
आणि आई म्हणत होती, गेली गं.
एवढंच होतं ते.
आणि तो ऊ, जो मला कण्हण्यासारखा वाटायचा,
तो आला आणि खालचा वरचा दोन्ही आवाज
एकदम घरात आल्यासारखे झाले.

"गफूरभाई, तिघी आहेत."
त्यांनी कान लावला. नाही म्हणाले.
मी म्हटलं, पुन्हा लावा.
ओठ मिटून मी मधला सूर धरून बघितला,
चाळीस वर्षं शिकवतेय मी गाणं,
दुसऱ्याच ओळीला घसरले, मार्थाबरोबर निघून गेले.
चाल डोळ्यांदेखत जात असते
आणि आपण जायचं नसतं.
पुन्हा लावा.
पुन्हा.
"सुई झिजते हो ताई," गफूरभाई म्हणाले,
पण लावली.