दोन्ही नावांची व्यक्ती एकच

कोर्टाच्या भिंतीला टेकलेल्या टपरीत
टायपिस्ट विचारतो, मूळ नाव?
सुगुणा नरसय्या चिलवेरी.
आणि दुसरं?
अक्का माझ्याकडे बघते,
जणू ते मीच खिशात घालून आणलंय.

मानधनाच्या अर्जाला कात्रणं जोडली होती चौदा.
चौदाही उत्पला राजे हिची.
साहेब म्हणाले, आजी, ही बाई कोण?

काय सांगायचं साहेबांना.
साखर पेठेत खोली एक, तिच्यात माग दोन,
मागाखाली आम्ही चौघं.
दारात अव्वा, मांडीवर सूप,
दिवसाला हजार विड्या.
अक्का पत्र्याच्या मापाने पानं कापायची
आणि तोंडाने माणसं काढायची.
कारखान्याचा चेकर, मूठभर विड्या उचलून
‘छाट’ म्हणून फेकणारा,
त्याचा आवाज इतका हुबेहूब
की अव्वा घाबरून सुपासकट उभी राहायची.

पहिलं काम गड्ड्यावर, कापडी थिएटरात.
दासीच्या मागची दासी, वाक्य एकच.
महाराणी, रथ आली.

अख्खा तंबू हसला.
मॅनेजरने रात्री हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता सांगितलं,
पोरीत दम आहे, पण जीभ बदलावी लागेल.
नावही. जाहिरातीत एका ओळीत मावेल असं.

दोन वर्षं मास्तर घोटून घेत होते,
भात तो. भाकरी ती. नशीब ते.
चुकलं की पट्टी, उलट्या हातावर.
सुट्टीत घरी आली तेव्हा
झोपेत बरळायची, सूत ते, माग तो.
अव्वा म्हणायची, आपल्यात सगळं एकच की गं.

मग कंपनीची गाडी, सोळा वर्षं.
बॅरिस्टरची बायको, कर्नलची विधवा,
गुडघ्यापर्यंत केसांचा टोप,
मडगावला ताप अंगात असताना तीन अंक.
लोक मेकअपच्या खोलीत येऊन विचारायचे,
आपण कुठल्या राजे? पुण्याच्या का?
ती पान तोंडात घालायची.
पान तोंडात असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

सिनेमा आला उशिरा.
पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाले,
मोलकरीण आहे, जरा तिकडच्यासारखं बोला,
लोक हसले पाहिजेत.
तिकडच्यासारखं म्हणजे कसं?
म्हणजे, साहेब गेली, रथ आली, असं काहीतरी.

रथ.
त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.
अक्काने एका टेकमध्ये दिलं.

अव्वाला मॅटिनीला मी घेऊन गेलो.
सगळं थिएटर लोळत होतं,
आमच्याच पूर्वभागातली माणसं, आमच्याच बोलण्यावर,
मीही हसलो, खोटं कशाला बोलू.
अव्वा गप्प. घरी येऊन पदर खोचला,
विचारलं, किती वेळ दिसली रे?
दीड-दोन मिनिटं.
तिने बोटांवर मोजलं.
तीन विड्या, म्हणाली. त्यातली एक छाट.

पुढचे एकोणीस सिनेमे ती तेच कपबशांचे ट्रे घेऊन
दारातून आत येत राहिली.
मी टॉवेलच्या कारखान्यात पाळी बदलून
प्रत्येकाचा पहिला खेळ बघितला.
अव्वा पुन्हा गेली नाही.

टायपिस्ट वाचून दाखवतो,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.
अक्का ते वाक्य पुटपुटते.
एकदा सरळ. एकदा ‘एकच’वर जोर देऊन.
एकदा मधे थांबून, प्रश्नासारखं.
टायपिस्टची बोटं कळांवर तशीच राहतात.

सही कुठली करू?
मूळ नावाची.
तिच्या हाताला सवय दुसऱ्या सहीची,
लांब वेलांटीची, वह्या पुढे करणाऱ्या पोरींसाठीची.
सुगुणा लिहायला तिला वेळ लागतो.
णा-चा काना ओळीखाली घसरतो.

शिक्का बसतो. मी पैसे मोजतो. उठायला लागतो
तर ती माझी बाही ओढते,
पोऱ्याकडे बोट करून म्हणते,
बस की रे, चहा आली.

चूक होती की काम करत होती
मला ओळखता आलं नाही.
मी बसलो.