प्रेत क्रमांक दोन

मुंबई मी एकदाच पाहिली,
तीही मेलेल्या डोळ्यांनी,
सांगलीच्या मार्केट यार्डात,
हळदीच्या अकरा नंबर गोदामात.
हे डोंगरीचं गोडाऊन समजा, बिरनाळे म्हणाला.
आम्ही समजलो.

हमालीच्या दीडपट पैसे,
रात्री दोनला भडंग आणि चहा.
काम एवढंच, की श्वास धरायचा.
पोत्याखाली दम धरायची सवय बावीस वर्षांची.
"भूपाल, तुझ्याइतकं छान कुणी मरत नाही."
शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच
मला कुणी छान म्हणालं.

रक्त आणायला पैसे नव्हते.
मेकअपची जिन्नत म्हणाली, हळद पडलीय की एवढी,
पानपट्टीवरनं चुना आणा.
तिच्या ओंजळीत पिवळ्याचं लाल होताना
सगळं युनिट वाकून बघत होतं.
पहिल्या रात्री चुना कमी पडला
आणि माझं रक्त नारिंगी निघालं.
तीन दिवस घासूनही मान पिवळीच.
बायको म्हणाली,
कुणाच्या नावाची हळद लावून आलायसा?

आयर्विन पुलावर अडीच वाजता समुद्र केला.
कृष्णेला पाणी कमी, म्हणून कॅमेरा नुसता दिव्यांवर.
व्हॅनच्या एमएच दहावर
पुठ्ठ्याचं एमएच शून्य एक.
पाठलागात वाऱ्यानं पुठ्ठा गेला.
टेक तसाच ठेवला,
परत पळवायला डिझेल नव्हतं.
गोदामाच्या भिंतीला महापुराची रेघ,
माझ्या डोक्यावर हातभर.
तिला रंग मारला,
पण लाईट लागला की ती हळूच वर यायची.

मला कुणी मारलं
ते शेवटच्या सीनला कळणार होतं.
तो रोल चेअरमन साहेबांनी स्वतःकडे ठेवलेला.
पतसंस्था त्यांची, पिक्चर त्यांचा,
पांढरा सूट कोल्हापुरात शिवलेला,
डायलॉग एकच:
"हे शहर कुणाची उधारी ठेवत नाही."
मी आठपासून जागेवर पडून.
चार वाजेपर्यंत जनरेटर चालला,
हँगरला सूट हलत राहिला.
साहेब आले नाहीत.

सकाळी गणपती पेठेत
पतसंस्थेच्या शटरला कुलूप.
पुढं माणसं, छत्र्या, डबे,
जिन्नतची आई पायरीवर बसलेली,
आणि गळ्यावरचं रक्त न धुता आलेलो मी,
हातात पिग्मीचं पुस्तक,
रोजचे वीस, सहा वर्षांचे.
इन्स्पेक्टर झालेला शिंत्रे
मुळात तिथलाच कॅशियर.
तो खाकीतच धावत आलेला.
लोकांनी त्यालाच धरलं,
साहेब, तक्रार घ्या.
त्यानं इकडंतिकडं बघितलं,
खिशातली वही काढली
आणि घ्यायला लागला.
ऐंशी-नव्वद नावं झाली असतील.
माझं विचारताना वर बघितलं नाही.

बिरनाळेनं पिक्चर होता तसा संपवला.
पडद्यावर काळोख,
त्यावर त्याचाच सर्दीचा आवाज:
तपास चालू आहे.

विट्याला तीन दिवस लागला.
व्हॅनवर एमएच दहा दिसलं
तेव्हा थेटर शिट्ट्यांनी उठलं.
माझ्या मरणाला कुणी खोकलंसुद्धा नाही.
शेवटी पाटी आली,
प्रेत क्र. २, भोपाळ मगदूम.
पोरगी म्हणाली, आप्पा, नाव चुकलंय.
म्हटलं, असू दे, मेलेल्याचं आहे.

साहेब मुंबईत आहेत म्हणतात,
म्हणजे खरोखरच्या.
शिंत्रेची वही कुठं गेली, शिंत्रेला माहीत.

अकरा नंबरात फरशीवर
माझ्याभोवती ओढलेली चुन्याची रेघ
अजून आहे.
सीझन संपून पोती उठली की उघडी पडते.
हाताला काम नसलं की दुपारी
मी तिच्यात जाऊन पडतो,
एक हात वर, डावा गुडघा दुमडून,
बिरनाळेनं दाखवलं होतं तसा.
अजून बसतो.
पोट तेवढं जरा रेघेबाहेर येतं.